आखूड पायांची मांजरे आणि आपली हौस

नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२६ पासून दोन प्रकारची मांजरे नव्याने पाळायला मनाई झाली आहे. एक दुमडलेल्या कानांची आणि दुसरी अंगावर केस नसलेली. त्यांची पैदास तिथे २०१४ पासूनच बंद होती, आता ती घरात आणण्यावरही बंदी आली. ज्यांच्याकडे अशी मांजरे आधीपासून आहेत आणि त्यांना ओळखीची चिप बसवलेली आहे, त्यांना ती शेवटपर्यंत सांभाळता येतील. कारण सरळ आहे. ज्या वैशिष्ट्यासाठी ही मांजरे विकली जातात, तेच त्यांच्या दुखण्याचे मूळ आहे.

मलकापुरात बसून हॉलंडच्या मांजरांची चिंता कशाला, असे कुणी म्हणेल. पण मांजराने ओरखडले म्हणून रेबीजची लस घ्यायला येणाऱ्यांना आम्ही डॉक्टर विचारतो, मांजर रस्त्यावरचे की घरचे? पूर्वी उत्तर एका शब्दात यायचे. हल्ली त्यात जात येते. ‘पर्शियन आहे, डॉक्टरसाहेब.’ मागच्या काही महिन्यांत दोन-तीन जणांनी लगेच मोबाइल पुढे करून पुढची इच्छाही दाखवली. आखूड पायांचे, जमिनीलगत दुडदुडत धावणारे, मागच्या पायांवर सशासारखे उभे राहणारे मांजर. याचे नाव मंचकिन. मुलांनी हट्ट धरलेला असतो, जाहिरातीत किंमत एखाद्या दुचाकीइतकी सांगितलेली असते, आणि ‘घ्यावे का?’ हा प्रश्न माणसांच्या डॉक्टरला विचारला जातो, कारण मांजराच्या डॉक्टरची ओळख अजून झालेली नसते.

उत्तर एका वाक्यात देता येते, पण कारण समजून घेतले तर ते जास्त टिकेल.

मंचकिनचे डोके, धड आणि शेपूट साध्या मांजराएवढेच असते. आखूड असतात ते फक्त पाय. आखूड पायांची मांजरे अधूनमधून निसर्गात जन्मतच आली आहेत. १९४४ मध्ये ब्रिटनमधल्या एका पशुवैद्यकाने अशा मांजरांच्या चार पिढ्यांची नोंद केली होती. महायुद्धाच्या धामधुमीत तो वंश संपला. आजच्या मंचकिनची कहाणी १९८३ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात सुरू होते. रेव्हिल गावच्या सँड्रा होकेनेडेल यांना ट्रकखाली लपलेल्या आखूड पायांच्या गाभण मांजरी सापडल्या. त्यांतल्या ब्लॅकबेरी नावाच्या मांजरीची पिल्ले पुढे या जातीचे मूळ ठरली. ‘द विझार्ड ऑफ ओझ’मधल्या बुटक्या लोकांचे नाव त्यांना मिळाले. एका आंतरराष्ट्रीय मांजर संघटनेने १९९० च्या दशकात जात म्हणून नोंदणी सुरू केली आणि २००३ मध्ये स्पर्धेचा पूर्ण दर्जा दिला. ब्रिटनची प्रमुख संघटना मात्र आजही ही जात मानत नाही. म्हणजे हा वाद मांजरप्रेमी आणि मांजरद्वेष्टे यांच्यातला नाही. तो मांजरप्रेमींच्या घरातलाच आहे.

आता पाय आखूड का होतात ते पाहू. लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते. तिथल्या पेशी वाढतात, फुगतात, मग त्यांच्या जागी हाड तयार होते आणि हात-पाय लांबतात. २०२० मध्ये शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी मंचकिनमधला बिघड शोधला. यूजीडीएच नावाच्या जनुकातील सुमारे ३,३०० अक्षरांचा तुकडा या मांजरांत गळालेला असतो. हे जनुक ज्या विकराची कृती सांगते, तो विकर कूर्चेचा गाभा बांधायला लागणारा साखरेचा एक घटक तयार करतो. बांधकामाला वाळू कमी पडली तर भिंत अर्ध्यावर थांबते, तसे पायांचे होते. वैद्यकीय भाषेत याला कूर्चेच्या वाढीचा विकार म्हणतात. बाजाराच्या भाषेत गोंडसपणा.

हा बदल प्रभावी प्रकारचा आहे. आईकडून किंवा वडिलांकडून एक प्रत आली तरी पाय आखूड होतात. दोन्हीकडून एकेक प्रत आली तर पिल्लू गर्भातच मरते. म्हणून दोन मंचकिनांची जोडी लावली तर सरासरी चारातले एक पिल्लू जन्मालाच येत नाही. उरलेल्या तिघांत दोन आखूड पायांची आणि एक साध्या पायांचे. मंचकिन आणि साधे मांजर यांची जोडी लावली तर गर्भातले हे मरण टळते, पण निम्मी पिल्ले साध्या पायांची निघतात आणि त्यांना भाव मिळत नाही. नफ्याचे गणित कुठल्या जोडीकडे झुकेल, हे वेगळे सांगायला नको. मोबाइलवरच्या चित्रफितीत न जन्मलेले चौथे पिल्लू कधीच दिसत नाही.

माणसांतही असे घडते, म्हणून हा विषय मला परका वाटत नाही. माणसांत आखूड हात-पायांच्या बुटकेपणाचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे अकाँड्रोप्लेसिया. त्याचे जनुक वेगळे, एफजीएफआर-३. ते १९९४ मध्ये सापडले. पण रीत तीच. एका प्रतीने हाडांची वाढ खुंटते, दोन प्रती मिळालेले बाळ जन्मापूर्वी किंवा जन्मानंतर थोड्याच काळात दगावते. अकाँड्रोप्लेसिया असलेल्या बहुतेक मुलांचे आई-वडील साध्या उंचीचे असतात, बदल त्या मुलातच नव्याने झालेला असतो. बुद्धीत काही उणे नसते. कवटीच्या तळाशी मज्जारज्जूवर येणारा दाब, कानाचे वारंवार दुखणे, पुढे कंबरेच्या मणक्यांत नसा दबणे, पायांना बाक, ही त्यांची खरी दुखणी. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंचीच्या प्रौढांचा समावेश आहे आणि त्यांना त्याचे प्रमाणपत्र मिळते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कमी उंचीची माणसे शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. मग आखूड पायांच्या मांजरालाच ‘आजारी’ का म्हणायचे? असे म्हणण्याने त्या माणसांचाही अपमान होत नाही का? माझे मत असे की प्रश्न मांजराच्या जगण्याच्या लायकीचा नाहीच. जन्मलेल्या प्रत्येक जिवाला, मग तो माणूस असो की मांजर, सन्मान आणि उपचार मिळालेच पाहिजेत. प्रश्न आहे तो ठरवून तसा जीव घडवण्याचा. बाळाच्या हाडांची वाढ खुंटावी म्हणून कुणी जोडीदार निवडत नाही. मांजराच्या बाबतीत मात्र आपण पैसे मोजून नेमके तेच करून घेतो. आणि करून घेणारा पैदासवाला एकटा नसतो. ऑर्डर देणारे आपणच. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात, इथे डोळे मिटलेले आहेत ते विकत घेणाऱ्याचे.

अशी हौस माणसाला नवी नाही. १७९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये सेथ राइट नावाच्या शेतकऱ्याच्या कळपात आखूड पायांचे एक कोकरू जन्मले. कुंपण ओलांडून उडी मारता न येणारी मेंढरे सांभाळायला सोपी, म्हणून त्याचा वंश वाढवला गेला. पुढे लोकर आणि मांसाला सरस जाती मिळाल्या आणि ती मेंढरे संपली. डार्विननेही त्यांचा उल्लेख केला आहे. शहरांत दिसणारा लांबुडका, जमिनीला टेकलेला डॅशहंड कुत्रा त्याच माळेतला. त्याच्या आखूड पायांशी निगडित एक जनुकीय बदल मणक्यांच्या चकत्याही लवकर झिजवतो. मागचे पाय लुळे पडलेले डॅशहंड हे पशुवैद्यकांच्या रोजच्या कामाचा भाग आहेत.

नेदरलँड्सने बंदी घातलेल्या दुमडलेल्या कानांच्या मांजरांत तर संशयाला फारशी जागाच उरलेली नाही. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सापडलेल्या सुझी नावाच्या मांजरीपासून ही जात निघाली. कानाची कूर्चा मऊ पडते तशीच शरीरातल्या इतर सांध्यांचीही बिघडते. घोटे, शेपटीचे मणके आखडतात, दुखतात. २०१६ मध्ये सापडलेले त्याचे जनुक, टीआरपीव्ही-४, माणसांतही हाडांचे अनेक विकार घडवते. ब्रिटनच्या संघटनेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच या जातीची नोंदणी थांबवली होती. त्या मानाने मंचकिनचे दुखणे सौम्य आहे, हे मान्य करायला हवे. पण आता बाजारात मंचकिनचा संकर याच दुमडलेल्या कानांच्या आणि केस नसलेल्या मांजरांशी करून नवनवी नावे दिली जात आहेत. एकाच पिल्लात दोन विकार, आणि किंमत दुप्पट.

मंचकिन पाळणारे सांगतात, आमचे मांजर पळते, खेळते, सोफ्यावरही चढते. खोटे नाही. बरीच मंचकिन वर्षानुवर्षे ठणठणीत राहतात. पण मांजर दुखणे लपवते. रानात दुबळे दिसणे म्हणजे शिकार होणे, ही सवय घरातल्या गादीवरही सुटत नाही. मांजर उंचावरून उतरताना पुढच्या पायांवर भार झेलते. पाय लांब असतील तर ते वाकून धक्का पचवतात. आखूड आणि किंचित बाक असलेल्या पायांत तो धक्का कोपराकडे जातो. म्हणून पशुवैद्यकांची मुख्य काळजी असते कोपराच्या सांध्याची झीज आणि पाठीच्या कण्याचा बाक. काही पिल्लांत छातीचे हाड आत दबलेलेही आढळले आहे.

माझी स्वतःची अडचण याहून साधी आहे. आपल्या गावातले मांजर जगते ते उडीच्या जोरावर. कुत्रे मागे लागले की ते एका झेपेत भिंतीवर, तिथून टिनांवर, तिथून शेजाऱ्याच्या गच्चीवर. मंचकिनला ही सोय नाही. दार उघडे राहिले आणि ते गल्लीत गेले तर त्याला वाचवणारे पायच आपण काढून घेतलेले असतात. म्हणजे ते जन्मभर घरात कोंडून ठेवणे आले. आणि घर म्हणजे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हाचे, वीज गेल्यावर कूलर बंद पडलेले घर.

ज्यांच्या घरी असे मांजर आलेले आहे त्यांनी घाबरून जाऊ नये, त्याला सोडून तर मुळीच देऊ नये. त्याची निगा थोडी वेगळी ठेवावी लागते, एवढेच. सर्वांत महत्त्वाचे वजन. चार किलोच्या मांजराचे वजन अर्धा किलोने वाढणे म्हणजे पासष्ट किलोच्या माणसाचे आठ किलोने वाढणे. दर महिन्याला मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे, वेगळा काटा लागत नाही. पलंगापाशी, खिडकीपाशी एखादा पाट किंवा खोके ठेवून उंची दोन टप्प्यांत तोडावी. शौचासाठीचा वाळूचा ट्रे कमी काठाचा घ्यावा. नखे दोन-तीन आठवड्यांनी कापून घ्यावीत. नेहमीच्या जागी उडी मारणे बंद झाले, पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या होऊ लागल्या, ट्रे सोडून बाहेर घाण केली, उचलताना गुरगुरले, तर ‘म्हातारे झाले’ किंवा ‘खोडसाळ झाले’ असे समजू नये. बहुतेकदा ते दुखण्याचेच बोलणे असते.

आणि घरातल्या डब्यातली गोळी मांजराला कधीही देऊ नये. ताप-अंगदुखीची पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ती पचवून बाहेर टाकण्याची माणसाच्या यकृताकडे असलेली मुख्य वाट मांजराकडे जवळपास नसतेच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकने त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. (हेच ते डायक्लोफेनॅक, ज्याच्यामुळे आपली गिधाडे संपत आली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ज्यावर बंदी आली.) कुत्र्याच्या गोचिडांचे परमेथ्रिन असलेले औषधही मांजराला विषारी. आहाराचेही तसेच. दूध-पोळीवर किंवा शुद्ध शाकाहारावर मांजर तग धरते असे वाटते, पण टॉरिन हा घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे अधू होतात, हृदय फुगते. ज्या घरात मांस येत नाही आणि मांजराचे तयार खाद्यही आणायचे नाही, त्या घराने मांजर पाळू नये, असे मी स्पष्ट सांगतो.

आता माणसांचे. जातीचे, महागडे, घरातच राहणारे मांजर म्हणजे रेबीजची भीती नाही, हा समज मला वारंवार भेटतो. मांजराला दरवर्षी रेबीजची लस दिलेली असेल आणि ते बाहेर जात नसेल तर धोका फार कमी, हे बरोबर. पण लसीचे कार्ड विचारले की अनेकदा शांतता पसरते. मांजर चावले किंवा रक्त येईल असे ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. तिसऱ्या डोसनंतर दांडी मारणारे पुष्कळ. रेबीज सोडला तरी मांजराचा चावा हलका समजू नये. दात सुईसारखे, जखम बाहेरून टिंबाएवढी, पण जंतू खोल जातात. हातावरच्या चाव्यांत तर बोट सुजून शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते.

गजकर्णाबद्दल थोडे उलटे सांगायचे आहे. लांब केसांच्या मांजरांत, विशेषतः पिल्लांत, बुरशी असते आणि ती मुलांना होते, हे खरे. पण आज आपल्या जिल्ह्यात जे चिवट गजकर्ण दिसते, त्यातले बहुतेक माणसाकडून माणसाला झालेले असते आणि दुकानातून घेतलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी बिघडवलेले असते. घरात मांजर आहे म्हणून सगळा दोष त्याच्यावर ढकलून मलम चोळत राहू नये. गरोदर बाईने मांजर घराबाहेर काढावे का, हाही नेहमीचा प्रश्न. गरज नाही. टॉक्सोप्लाझ्माची बीजे विष्ठेतून पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस घेतात. ट्रे रोज साफ करावा आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावे. न धुतलेली भाजी आणि अर्धेकच्चे मांस यांची काळजी त्याहून जास्त घ्यावी.

कायद्याकडे पाहिले तर आपल्याकडे मोठी पोकळी आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर आला, पण ती दुरुस्ती झाली नाही. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी २०१७ मध्ये स्वतंत्र नियम आले. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये नियम आले, त्यांत आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायला मनाई आहे. मांजरांच्या पैदाशीसाठी मात्र कुत्र्यांसारखे नियम नाहीत. पुणे महापालिकेने २०२२ च्या अखेरीस पाळीव मांजरांची नोंदणी बंधनकारक केली. २०२५ च्या फेब्रुवारीत हडपसरच्या एका सदनिकेत साडेतीनशेच्या आसपास मांजरे सापडली तेव्हा अशी नोंदणी कशाला हवी ते सगळ्यांना कळले. आपल्यासारख्या नगरपालिकांच्या गावांत हा विषय अजून टिपणीवरही आलेला नाही. आणि विक्री दुकानातून होतच नाही, ती मोबाइलवर होते. पिल्लू पिंजऱ्यात बंद होऊन रेल्वेने किंवा बसने येते. पाहायचे कुणी, आणि काय?

नेदरलँड्ससारखी बंदी उद्या इथे घातली तर ती कागदावरच राहील, असे मला वाटते. पैदास करणाऱ्याची नोंदणी, विकलेल्या पिल्लाच्या आई-वडिलांची माहिती आणि ज्ञात जनुकीय विकार असलेल्या जोड्या लावायला मनाई, एवढे तीन नियम कुत्र्यांच्या नियमांसारखे मांजरांना लागू केले तरी पुष्कळ झाले. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाई-बैल, म्हशी, शेळ्यांसाठी उभे राहिले, तिथल्या डॉक्टरांवर तोच भार पुरेसा आहे. मांजराच्या कोपराचा एक्स-रे, भूल आणि शस्त्रक्रिया म्हटले की अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेची किंवा नागपूरची वाट धरावी लागते. पिल्लू घेताना किमतीसोबत हा प्रवासखर्चही मोजावा. शिवाय लहानपणी लांब केसांच्या पर्शियन पिल्लाचे पायही आखूडच दिसतात, त्यामुळे दुचाकीच्या भावाने घेतलेले ‘मंचकिन’ सहा महिन्यांत उंच झाले तर तक्रार कुणाकडे करणार? मांजरासाठी मात्र ती सुटकाच.

ज्यांच्याकडे खरोखरच मंचकिन आहे त्यांनी एक काम लवकर उरकावे. सहा महिन्यांच्या आत पशुवैद्यकाला दाखवून त्याचे निर्बीजीकरण करून घ्यावे, त्याच भेटीत छाती आणि कोपरे तपासून घ्यावीत आणि रेबीजच्या लसीचे कार्ड करून घ्यावे. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्या, विकून पैसे वसूल होतील’ असा सल्ला देणारे भेटतील. आणि ज्यांना मांजर हवेच आहे, पण अजून घेतलेले नाही, त्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्याच गल्लीत एक चक्कर मारावी. जिन्याखाली, गोठ्यात, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात पिल्लांची कमी नसते. त्यांना लागते ती दोन वेळची सोय, लस आणि एक शस्त्रक्रिया. पाय त्यांचे पूर्ण लांबीचे असतात आणि तिसऱ्या दिवशी ते तुमच्या कपाटावर बसलेले सापडतील.